ब्लाऊजचा हात विसरा: होजिअरी कापडाचा उबदार टॉप घरच्या मशीनवर

डिसेंबरात पहाटे साडेपाचला लातूरच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून बघा. अंधारातच क्लासची पोरं-पोरी निघालेली असतात, पाठीवर दप्तर, तोंडाला स्कार्फ, स्कुटीच्या हँडलवर हात आखडलेले. आमची अकरावीतली त्यांच्यातच. बालाघाटाच्या पठारावरची थंडी मोठी लबाड. सहाला दात वाजवते आणि अकराला पळून जाते. लोकरीचा स्वेटर दुपारी दप्तरात कोंबला जातो, आणि एक तर क्लासच्या बाकावरच राहून गेला, तो पुन्हा मिळाला नाही. म्हणून मला हवं होतं मधलं काहीतरी: पहाटे जर्किनच्या आत उबदार, दुपारी तसंच अंगात राहिलं तरी घाम न काढणारं. म्हणजे जाडसर सुती होजिअरीचा, ढगळ, पूर्ण बाह्यांचा टॉप.

मी चौदा वर्षं ब्लाऊज शिवते. वाटलं, यात काय, दोन शिलाया. पहिला टॉप शिवला तो असा झाला: गळा झालरीसारखा लाटालाटांचा, खांदे कोपराकडे ओघळलेले, बगलेत टाके सुटलेले आणि शिलाईच्या कडेनं बारीक भोकांची रांग. पोरीनं आरशात पाहिलं आणि विचारलं, "ममी, ह्याला गळा आहे का फ्रिल?" आत्याबाई तेवढ्यात म्हणाल्या, "पुसायला ठेव गं, मऊ आहे." तो खरंच आता गाडी पुसायला आहे.

चूक मशीनची नव्हती, हाताची होती. ब्लाऊजला आपण कापड ताणून धरतो, टक्स घेऊन अंगावर बसवतो, बोटानं दाबून पुढं सरकवतो. होजिअरीला यातलं काहीच चालत नाही. ते कापड कटिंगनं अंगावर बसत नाही, स्वतःच्या ताणानं बसतं. तुम्ही फक्त त्याच्या वाटेत यायचं नाही.

आधी कापड ओळखा

मराठीत आपण मागावरच्या घोंगडीलाही विणलेली म्हणतो आणि सुयांवरच्या स्वेटरलाही विणलेला. शिवणाऱ्याला मात्र हा फरक कळलाच पाहिजे. मागावर उभे आणि आडवे धागे एकमेकांत अडकलेले असतात. रुबिया असो की खण, सरळ धाग्यात ओढलं तर ते जागचं हलत नाही, तिरकं ओढलं तरच सुटतं. होजिअरीत धागा एकच, पण त्याचे फासे एकातून एक ओवलेले. ओढलं की फासा पसरतो, सोडलं की परत गोळा होतो. बनियन, टी-शर्ट, सॉक्स हे सगळं याच जातीचं.

ज्यांनी कधी लोकरीचं विणकाम केलंय त्यांना एका ओळीत समजेल. साध्या टी-शर्टचं कापड, ज्याला दुकानदार सिंगल जर्सी म्हणतात, ते पुढून सगळे सुलट टाके आणि मागून सगळे उलट. रिब म्हणजे एक सुलट एक उलट. म्हणून रिब सगळ्यात जास्त ताणतं आणि परतही येतं, स्वेटरच्या मनगटाला तेच असतं. इंटरलॉक म्हणजे दोन रिब एकमेकांत गुंतवल्यासारखं, दोन्ही बाजूंनी सुलट दिसणारं, अंगानं भरीव.

पहिल्या टॉपला इंटरलॉकच घ्या. सिंगल जर्सी कापली की कडेनं सुरळी होते आणि नवशिकीला रडवते. तरी घरात जर्सीच असेल तर सुरळीचा एक फायदा आहे. कापडाची आडवी कापलेली कड हलकेच ओढा. ती ज्या बाजूला वळते ती सुलट बाजू. उभी कड मात्र उलटीकडे वळते, तिच्यावरून ठरवायला जाऊ नका. आतून केसाळ असलेलं फ्लीस सगळ्यात उबदार, पण आपल्याकडे दुपारचं ऊन बघता मी ते टाळते.

दुकानात काय बघायचं

गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच रस्त्यांवर कापड आहे, पण होजिअरी प्रत्येकाकडे नसते. सुती माल बहुतेक तिरुपूरकडचा, लोकरीचा लुधियानाचा. आपल्या रानातला कापूस गाठी बांधून जातो आणि टी-शर्ट होऊन परत येतो, हा विचार मला दर वेळी दुकानात येतो. असो.

होजिअरी बऱ्याचदा मीटरवर नाही, किलोवर मिळते, तिथं गोंधळायचं नाही. दुकानदाराला जीएसएम विचारा, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. उन्हाळी टी-शर्ट १४० ते १८० च्या आसपास असतो. आपल्याला २०० ते २४० हवं. २२० जीएसएमचं ६० इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड घेतलं तर एक मीटर साधारण ३३५ ग्रॅम भरतं, म्हणजे किलोत तीन मीटर. आपल्याला दीड मीटर लागेल, अर्धा किलो झालं. पन्हा मात्र मोजून घ्या. काही कापड नळीसारखं गोल येतं, ते एका बाजूनं कापून उघडायचं असतं.

आता ताण. दुकानात उभ्या उभ्या करायची ही परीक्षा मी कधीच चुकवत नाही. काठापासून थोडं आत कापडाची आडवी घडी घाला, घडीवर दोन चिमट्यांत चार इंच धरा आणि दुकानदाराच्या मीटरपट्टीवर ठेवून आडवं ओढा. जोरात नाही, कापड कुरकुरायला लागेल इतपतच. चार इंचाचं सव्वापाच झालं तर साधारण ३० टक्के ताण आहे, आपलं काम होतं. साडेचारवरच अडलं तर ते कापड या गळ्यातून डोकं जाऊ देणार नाही. मग सोडून द्या आणि बघा: घडी पुन्हा चारवर येते का? पावणेपाचवरच लोंबत राहिली तर ते कापड दोन धुण्यांत कोपरावर आणि पोटावर फुगे काढणार. ताणापेक्षा परत येणं महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही.

गळापट्टी आणि मनगटासाठी त्याच रंगाचं रिब मिळालं तर पाव मीटर घ्या. नाही मिळालं तरी त्याच कापडाचं भागतं.

धुऊन घ्या, कारण आटतंच

सुती होजिअरी न धुता कापणं म्हणजे पोरीचा टॉप पोरीच्या धाकट्या भावासाठी शिवणं. उभ्यातून मीटरला दोन-अडीच इंच सहज जातात. कोमट पाण्यात तासभर बुडवा, पिळू नका, दाबून पाणी काढा आणि दोरीवर न टांगता गच्चीवर जुन्या चादरीवर आडवं पसरा. टांगलं की पाण्याच्या वजनानं लांबतं, आणि मग तुम्ही लांबलेल्या कापडावर माप टाकता.

सिंगल जर्सी असेल तर वाळत घालण्याआधी भाताच्या पातळ पेजेच्या पाण्यातून काढा. खळ बसली की कडा गुमान पडून राहतात, कापणं-शिवणं सोपं होतं आणि पहिल्या धुण्याला खळ निघून जाते. इस्त्री करताना सरकवायची नाही. उचलायची, ठेवायची, उचलायची.

माप आणि कटिंग

मापं चारच: छाती, उंची, डोक्याचा घेर आणि मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून मनगटापर्यंतची लांबी. मुंढा (बाही जोडायची बगलेभोवतीची कड), तिरा (खांद्याची रुंदी), दंडघेर यांची गरज नाही, कारण आपण खांदा ओघळता ठेवतो आणि मुंढ्याला गोलाई देतच नाही. ब्लाऊजवाल्यांना इथं चैन पडणार नाही. मलाही पडली नव्हती.

पोरीच्या मापानं सांगते. छाती ३४. ढगळपणासाठी ६ इंच जास्त, म्हणजे तयार घेर ४०. त्याचा पाव भाग १० आणि शिलाईचा अर्धा इंच, झाले साडेदहा. तयार उंची २५. त्यात खांद्याचा अर्धा आणि खालच्या दुमडीचा एक इंच, झाली साडेसव्वीस. सगळीकडे अर्धाच इंच माया, म्हणजे शिलाईपलीकडचं जास्तीचं कापड, ठेवा. ब्लाऊजसारखी दीड-दोन इंच आत ठेवायची सवय इथं उपयोगाची नाही. ती माया आतून गोळा होते आणि हे कापड तसंही उसवून वाढवण्याचं नाही.

ब्राऊन पेपरवर साडेदहा बाय साडेसव्वीसचा आयत काढा. डावी बाजू घडीची. घडीच्या वरच्या कोपऱ्यापासून आडवं सव्वातीन इंच मोजा, तिथं मान. उजव्या वरच्या कोपऱ्यापासून खाली दीड इंच मोजा आणि मानेच्या खुणेपर्यंत सरळ रेघ ओढा, हा खांद्याचा उतार. मागचा गळा घडीवर सव्वा इंच खोल, पुढचा चार इंच. गोलाई जोडताना घडीपाशी निदान इंचभर रेघ अगदी आडवी ठेवा, नाहीतर उघडल्यावर गळ्याला मध्ये टोक येतं. उजव्या कडेवर, खांद्याच्या टोकापासून साडेआठ इंचांवर एक खूण करा. बाही तिथपर्यंत येईल. पुढचा भाग झाला, मागचा भाग झाला. फरक फक्त गळ्याचा.

बाहीचं गणित असं. मणक्यापासून मनगट २९ इंच आलं. त्यातले १० इंच तर अंगाच्या तुकड्यानंच झाकले. उरले १९. त्यातलं अडीच इंच मनगटाची पट्टी घेईल, म्हणजे बाही साडेसोळा, आणि वर-खाली अर्धा-अर्धा इंच धरून साडेसतरा. वरची रुंदी १७, खालची साडेनऊ. मनगटाची पट्टी ८ इंच रुंद, ६ इंच उंच, दोन. गळापट्टी अडीच इंच उंच, लांबी आत्ता ठरवायची नाही. ती पुढं येईल.

तुमचं माप वेगळं असेल तर छातीत ६ मिळवून चारानं भागा आणि पुढं जा. मोठ्या मापाला बाहीची वरची रुंदी इंच-दोन इंच वाढवा, आणि अंगावरची खूण त्याच्या निम्म्यानं खाली घ्या.

कापड टेबलावर नाही, जमिनीवर पसरा. टेबलाच्या कडेवरून लोंबणारा भाग बाकीच्याला ओढतो आणि तुमच्या नकळत सगळं अर्धा इंच लांबतं. बारकाईनं बघितलं तर होजिअरीवर उभ्या बारीक रांगा दिसतात, सुलट टाक्यांच्या. घडी त्या रांगेवरच घाला. जास्त ताण आडवा आहे आणि तो अंगाभोवती यायला पाहिजे, लांबीत नाही. मनगटाच्या पट्ट्या आणि गळापट्टीलाही हाच नियम: लांबी आडव्या ताणात. यात एकदा चूक झाली की टॉप डोक्यातून जात नाही.

टाचण्या मायेच्या आतच लावा, किंवा सरळ वाट्या-वजनं ठेवून खडूनं आखा. मी दोन खलबत्ते ठेवते. कात्री धारेची पाहिजे. बोथट कात्री होजिअरी कापत नाही, चावते.

मशीनची तयारी

पहिल्या टॉपच्या भोकांचं कारण सुई होती. साध्या सुईचं टोक अणकुचीदार असतं, ते फाशाचा धागा तोडून आत शिरतं. एक फासा तुटला की भोक, आणि ते धुण्यागणिक वाढतं. बॉलपॉइंट सुईचं टोक किंचित गोलसर असतं, ते धाग्यांना बाजूला सारून मधून जातं. टाके सुटण्याचंही निम्मं दुखणं तिनंच जातं. घरच्या काळ्या पायमशीनला साधारणपणे चपट्या दांड्याची एचएएक्सवन (HAx1) सुई लागते, जुकी पद्धतीच्या हायस्पीड मशीनला गोल दांड्याची डीबीएक्सवन. तुमची जुनी सुई काढून दुकानात न्या आणि त्याच जातीत बॉलपॉइंट मागा. इंटरलॉकला १४ नंबर, पातळ जर्सीला ११.

दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोऱ्याला लवचीकपणा नाही, टॉप अंगात घालताना तो कटकट तुटतो. बॉबिनही त्याच दोऱ्याची, आणि हळू भरलेली. वेगानं भरली की दोरा ताणून बसतो आणि शिवल्यावर आखडतो.

वरचं टेन्शन थोडं सैल करा. फूटचा दाब कमी करा, बहुतेक काळ्या मशीनवर डोक्यावरचा स्क्रू दोन-तीन आटे सैल केला की होतो. दाब जास्त असला की वरचं कापड पुढं रेटलं जातं आणि खालचं दाते ओढतात. झालर तिथं तयार होते.

झिगझॅग मशीन असेल तर रुंदी एक, लांबी अडीच, एवढा बारीक झिगझॅग लावा, काम झालं. पण आपल्यातल्या बहुतेकींकडे सरळ टाक्याचंच मशीन आहे आणि त्यावरही चांगला टॉप होतो, हे मी स्वतः करून सांगते. टाका लहान करा, इंचाला बारा-तेरा येतील इतका. जेवढे टाके जास्त तेवढा शिलाईत दोरा जास्त, आणि तेवढी ती ताण सोसते. बगलेच्या उभ्या शिलाईत पुढून एका हातानं आणि मागून दुसऱ्या हातानं कापड किंचित तणावात धरा. किंचित म्हणजे सुरकुती निघेल इतपतच. गळ्याला आणि खालच्या दुमडीला मात्र हे अजिबात करायचं नाही.

उरलेल्या तुकड्यावर एक टीप मारा आणि ओढून बघा. दोरा तुटला तर टेन्शन अजून सैल. कापड दात्यांत ओढलं जात असेल तर खाली पतंगाच्या कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून टाका. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

शिलाई

खांदे सगळ्यात आधी. टॉपचं सगळं वजन खांद्याच्या शिलाईवर लटकतं, म्हणून एवढी एकच शिलाई ताणायला नको. यासाठी ब्लाऊजच्या अस्तराची, काठालगतच्या उभ्या धाग्याची, अर्धा इंच रुंद पट्टी काढा. प्रत्येकीच्या घरी असल्या चिंध्यांची पिशवी असतेच. दोन्ही भाग सुलट आत ठेवा, वर ही पट्टी ठेवा, आणि तिन्हीतून टीप मारा. पट्टी खांद्याच्या कागदी मापाएवढीच कापा, कापडाएवढी नाही. कापड तोवर थोडं सैलावलेलं असतं, ते पट्टीवर हळूच बसवून घ्यायचं.

आता गळा. इथं घाई करू नका, पहिल्यांदा अर्धा तास लागू द्या.

आधी गळ्याचा घेर मोजायचा, पण कापलेल्या कडेवर नाही. कडेपासून अर्धा इंच आत, जिथं शिलाई येणार तिथं, टेप उभी धरून फिरवा. माझ्या मापात घेर २० इंच भरला. गळापट्टी याहून लहान पाहिजे, तरच ती आतल्या बाजूला ओढून मानेला सपाट बसते. सारखी कापली तर उभी राहते, मोठी कापली तर ती आमची फ्रिल. इंटरलॉकची पट्टी घेराच्या ८५ ते ९० टक्के, रिबची ८० ते ८५. मी साडेसतरा घेतली, आणि जोडाचा एक इंच धरून कापली साडेअठरा. कापण्याआधी एक पडताळणी करा. साडेसतरा इंच पट्टी चिमटीत धरून टेपवर ताणा, डोक्याच्या घेरापर्यंत पोचते का? पोरीचं डोकं २२, आणि पट्टी पावणेतेवीसपर्यंत आली. निभावलं. पोचत नसेल तर पट्टी वाढवून भागत नाही, पुढचा गळा अर्धा इंच खोल करा आणि घेर पुन्हा मोजा.

पट्टीची दोन टोकं सुलट आत ठेवून जोडा, गोल कडं झालं. माया बोटानं उघडून दाबा. मग कडं उभं अर्ध्यात दुमडा, उलट बाजू आत. आता चार खुणा. पट्टीच्या जोडावर एक टाचणी, तिच्या बरोबर समोर दुसरी, आणि त्या दोन्ही एकत्र आणून मधल्या दोन घड्यांवर तिसरी-चौथी. गळ्यालाही तसेच चार भाग करा: मागचा मध्य, पुढचा मध्य, मग ते दोन्ही एकावर एक ठेवून बाजूचे दोन. हे बाजूचे दोन खांद्याच्या शिलाईवर येत नाहीत, थोडे पुढं येतात. मी पहिल्यांदा खांद्यालाच धरलं होतं आणि पुढचा सगळा गळा चुण्यांनी भरला.

पट्टीचा जोड मागच्या मध्यावर. खुणेला खूण टाचा. दुमडलेली कड अंगाकडे, कापलेल्या कडा तिन्ही एकत्र. शिवताना पट्टी वर ठेवा, गळा खाली दात्यांवर. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत फक्त पट्टी ओढायची, खालचा गळा आहे तसा सपाट होईल इतकीच. गळा स्वतः एक सूतही ताणला जाता कामा नये. सुई खाली ठेवून थांबा, पुढची टाचणी काढा, फूट उचला, कापड सारखं करा, पुन्हा पुढं. हातात गळा वाकडा-तिकडा, गोळा झालेला दिसेल. घाबरू नका. उलटवून माया अंगाकडे बसवा आणि वाफेची इस्त्री वरच्या वर धरा, नाहीतर ओलं फडकं ठेवून इस्त्री टेकवा. फासे आपापल्या जागी परततात आणि पाच मिनिटांत पट्टी सपाट पडते. हे डोळ्यांसमोर होताना बघायला मला अजून मजा वाटते.

मग सुलट बाजूनं, शिलाईच्या दीड सूत खाली, माया धरून एक वरची टीप. सरळ मशीन असेल तर या टिपेला टाका पुन्हा लहान ठेवा आणि झाल्यावर डोकं घालून बघा. दोरा तुटला तर ही टीप उसवून सोडून द्या, तिच्याविना काही अडत नाही. उसवताना ब्लेड ओढायचं नाही, दर चौथा टाका कापून दोरा उपसायचा.

बाह्या. टॉप उघडा पसरा, बाहीचा मध्य खांद्याच्या शिलाईवर, बाहीची टोकं साडेआठच्या खुणांवर. शिवा, पण दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच मोकळा सोडा, म्हणजे बगलेत कापड गोळा होत नाही. मनगटाच्या पट्ट्या आत्ताच, बाही सपाट असतानाच जोडा. काळ्या मशीनवर नंतर एवढं छोटं कडं फिरवणं हा छळ आहे. पट्टी उंचीत अर्ध्यात दुमडा, बाहीच्या खालच्या कडेला टाचा, पट्टी ताणत शिवा.

आता सुलट आत ठेवून टॉप दुमडा. मनगटापासून सुरू करून बगलेतून थेट खालच्या घेरापर्यंत एकच शिलाई. बगलेच्या कोपऱ्यात सुई खाली ठेवून कापड वळवा, आणि कोपऱ्याच्या अलीकडे-पलीकडे इंचभर दुसऱ्यांदा टीप मारा. टॉप फाटला तर तिथूनच फाटतो. या कापडाच्या कडेचे धागे निघत नाहीत, तेव्हा आतून ओव्हरलॉक नसलं तरी चालतं. शोभेसाठी हवंच असेल तर पिको-फॉलच्या दुकानात अर्ध्या तासात करून देतात. त्यांना "ताणू नका" हे मात्र सांगावं लागतं.

खालचा घेर राहिला. इंचभर आत दुमडा आणि इस्त्री करा. झिगझॅगवाल्यांनी रुंद झिगझॅग किंवा जोडसुई वापरावी. सरळ मशीनवाल्यांना माझा सल्ला: हातानं करा. हेरिंगबोन टाका, म्हणजे एकमेकांवर काट टाकत जाणारा. डावीकडून उजवीकडे जायचं, सुईचं टोक मात्र डावीकडे. एक टाका दुमडीत, पुढचा तिरका अंगाच्या कापडात, एकदोन फासेच उचलून. दोरा ओढून घट्ट करू नका. तो काटछेद कापडाबरोबर लांबतो आणि सुलट बाजूला दिसतही नाही. ४० इंचाचा घेर, एक मालिका बघता बघता होतो.

धुताना टॉप उलटा करून, पहिले दोन वेळा वेगळा, कारण गडद रंग थोडा सुटतो. पसरून वाळवा, आणि कपाटात हँगरला लावू नका, घडी घाला.

उरलेल्या कापडातून ८ बाय साडेअठरा इंचाची एक पट्टी निघाली तर लांबी आडव्या ताणात ठेवून कडं करा, अर्ध्यात दुमडून कडा जोडा. कानपट्टी तयार. आमच्या आत्याबाईंनी तीच आधी पळवली. येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, पहाटे शेतात निघताना पदराखाली ती कानपट्टी होती, आणि आंबिल ढवळता ढवळता त्यांनी शेजारच्या शेतातल्या दोघींच्या डोक्याची मापं सुतळीनं घेऊनसुद्धा ठेवली.